अठ्ठावीस मुलींची यादी: अमेरिकी कॉलेजातलं मुलींचं सॉकर, त्यातला पैसा आणि अभ्यास

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास शनिवारी सकाळी कुठल्याही सॉकरच्या मैदानावर गेलात, तर कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आईबाबांमध्ये मराठी कानावर पडतं. मुलगी सहा-सात वर्षांची असताना हौसेनं घातलेली असते. बाराव्या वर्षी ती क्लबात जाते, दरवर्षी काही हजार डॉलर खर्च होऊ लागतात, आणि पंधरावं लागलं की जेवणाच्या टेबलावर एक प्रश्न येऊन बसतो: हिला कॉलेजच्या संघात घेतील का, आणि घेतलं तर फीचं काय?

या प्रश्नाचं उत्तर २०२५ सालच्या उन्हाळ्यात बदललं. ६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी कॉलेज खेळांबद्दलच्या एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. बातम्यांचा सगळा भर खेळाडूंना आता मिळू लागलेल्या कोट्यवधी डॉलरवर होता. त्याच तडजोडीत एक छोटा आकडा होता: मुलींच्या सॉकर संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू. आईबाप म्हणून त्या कोटींपेक्षा हा आकडा आपल्या जास्त जवळचा आहे. संघात किती मुली, त्यांच्यावर खर्च किती आणि त्या शिकतात कशा, हे तीन वेगळे विषय वाटतात. खरं तर ते एकाच घरखर्चाच्या वहीतले तीन रकाने आहेत. एकात खाडाखोड केली की उरलेल्या दोन्हींची बेरीज बदलते.

सोयीसाठी एक काल्पनिक मुलगी धरू. तिचं नाव सई, इयत्ता दहावी, मधल्या फळीत खेळते.

आधी शब्द नीट लावून घेऊ

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तिथला ‘फुटबॉल’ म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून पळायचा खेळ. या लेखात मी आपल्या खेळाला सॉकर आणि त्यांच्या खेळाला अमेरिकन फुटबॉल म्हणेन. घोळ टाळायलाच हवा, कारण पुढे दिसेल की मुलींच्या सॉकरचं नशीब त्या लांबट चेंडूला बांधलेलं आहे.

कॉलेज खेळांची सर्वांत मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्यात तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत मोठी, खेळावर भरपूर खर्च करणारी विद्यापीठं येतात. दुसरीत मध्यम. तिसऱ्या श्रेणीत चारशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच देत नाहीत. गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळणारी मदत मात्र तिथेही असते.

‘रोस्टर’ म्हणजे संघाची अधिकृत यादी. या यादीत नाव असणं आणि शिष्यवृत्ती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच बहुतेक घरांची पहिली गफलत होते. पैसे न घेता, फक्त निवडचाचणीतून किंवा प्रशिक्षकाच्या होकारावर यादीत आलेल्या मुलीला ‘वॉक-ऑन’ म्हणतात.

चौदा डबे, तीस तोंडं

२०२५ पर्यंतचा नियम असा होता: पहिल्या श्रेणीतल्या मुलींच्या सॉकर संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. पूर्ण म्हणजे शिक्षणशुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं धरून. यादीत मुली मात्र असायच्या पंचवीस, तीस, कुठे त्याहूनही जास्त.

मग चौदा शिष्यवृत्त्या तीस मुलींना कशा पुरवायच्या? वाटून. बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉलमध्ये नियम पानं मोजण्याचा होता, म्हणजे जिला शिष्यवृत्ती मिळाली ती एक पान, मग तिला थोडं वाढा की पूर्ण. सॉकरमध्ये पानं मोजत नसत, शिधा मोजत. चौदा डबे भरून दिले, आता ते किती ताटांत वाढायचे ते प्रशिक्षकानं ठरवावं. गोलरक्षक उत्तम हवी तर तिला पूर्ण डबा. बचावातल्या दोघींना अर्धा-अर्धा. नवीन आलेल्या चौघींना पाव-पाव. उरलेल्यांना पुस्तकांचा खर्च, किंवा नुसता गणवेश.

म्हणून ‘आमच्या मुलीला सॉकरची स्कॉलरशिप मिळाली’ हे वाक्य ऐकलं की अभिनंदन जरूर करावं, पण संपूर्ण फी माफ झाली असं समजू नये. बहुतेक मुलींना मिळायचा तो तुकडा.

या वाटणीत एक बारकावा होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गुणांवर मिळणारी शैक्षणिक शिष्यवृत्ती या चौदा डब्यांत धरत नसत. म्हणजे सईचे गुण चांगले असतील आणि विद्यापीठानं तिला अभ्यासासाठी तिसरा हिस्सा फी माफ केली, तर प्रशिक्षकाला आपल्या डब्यातून तेवढं कमी काढावं लागे. सारख्याच दर्जाच्या दोन खेळाडूंपैकी अभ्यासात पुढची मुलगी संघाला स्वस्त पडे. प्रशिक्षक भेटीच्या सुरुवातीलाच गुणपत्रिका मागतात, त्यामागे प्रवेशाच्या अटीइतकाच हाही हिशेब होता. राज्याच्या विद्यापीठात त्याच राज्यातल्या मुलीची फी मुळातच कमी असते. एडिसनच्या शेजारी पिस्कॅटवेमध्ये रटगर्स विद्यापीठाचं मैदान आहे. अमेरिकेला विश्वचषक जिंकून देणारी कार्ली लॉइड याच विद्यापीठातून खेळली. न्यू जर्सीतल्या मुलीसाठी तिथलं गणित कॅलिफोर्नियातून येणाऱ्या मुलीपेक्षा वेगळं असतं.

मग अठ्ठावीस आले कुठून?

ज्या खटल्यातून ही तडजोड निघाली तो ‘हाउस विरुद्ध एनसीएए’. हाउस हे ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या एका जलतरणपटूचं आडनाव. खटला २०२० मध्ये दाखल झाला. युक्तिवाद सरळ होता: विद्यापीठं खेळाडूंच्या जिवावर दूरचित्रवाणी हक्क, तिकिटं आणि जाहिराती यांतून प्रचंड कमावतात, आणि खेळाडूंना त्यातलं काही घेऊ देत नाहीत.

तडजोड होण्याआधीच भिंतीला तडे गेले होते. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ९-० अशा एकमतानं एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी वापरून जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत त्याला एनआयएल म्हणतात.

२०२५ च्या तडजोडीनं तीन गोष्टी केल्या. पूर्वीच्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई ठरली. तडजोडीत सामील होणाऱ्या विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षी आपल्या खेळाडूंना थेट सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येऊ लागले. आणि अशा विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा काढून तिच्या जागी यादीची मर्यादा आली.

सॉकरपुरता अर्थ असा की आता डबे मोजायचे नाहीत, तोंडं मोजायची. मुली जास्तीत जास्त २८, पण विद्यापीठाची ऐपत असेल तर अठ्ठावीसही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. ‘देता येईल’ हे शब्द नीट वाचा. द्यावीच लागेल असं कुठेही म्हटलेलं नाही.

आकड्यांत पाहू. एखाद्या खासगी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च ८०,००० डॉलर धरा. आघाडीच्या अनेक खासगी विद्यापीठांत तो त्याहून जास्तच आहे. चौदा पूर्ण शिष्यवृत्त्यांचे झाले ११ लाख २० हजार डॉलर. अठ्ठावीसचे २२ लाख ४० हजार. म्हणजे एकाच संघाच्या खर्चात वर्षाला ११ लाख २० हजारांची भर. ज्यांची तिजोरी जड आहे ते हे करतील. बाकीचे चौदाच्या आसपासच थांबतील, किंवा आधीपासून चौदाही देत नव्हते ते तिथेच राहतील.

सगळी विद्यापीठं या व्यवस्थेत आली असंही नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन वगैरे आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगनं बाहेर राहायचं ठरवलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती पूर्वीही नव्हती आणि आजही नाही.

एकोणतिसावी मुलगी

मैदानावर अकराच खेळतात, मग अठ्ठावीस कमी कसे, असं वाटणं साहजिक आहे. पण कॉलेज सॉकरचा हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. तीन-साडेतीन महिन्यांत वीसच्या आसपास सामने, कधी आठवड्याला दोन. गुडघ्याच्या दुखापतींनी मुली पूर्ण हंगामासाठी बाहेर जातात. शिवाय कॉलेज सॉकरमध्ये बदली खेळाडूंचे नियम सैल आहेत. पूर्वार्धात बाहेर गेलेली मुलगी उत्तरार्धात परत येऊ शकते. त्यामुळे प्रशिक्षक एकेका सामन्यात अठरा-वीस जणींना फिरवतात. सरावात अकरा विरुद्ध अकरा खेळवायचं, दोन-तीन गोलरक्षक राखायच्या, जायबंदी मुली बाजूला काढायच्या, तर अठ्ठावीस आकडा बेताचाच पडतो.

ज्या संघांत तेहतीस-चौतीस मुली होत्या तिथे पाच-सहा जणींना जावं लागणार हे उघड होतं. त्या बहुधा वॉक-ऑन: स्वतःच्या पैशानं शिकणाऱ्या, पहाटे सहाला सरावाला हजर राहणाऱ्या, सामन्यात क्वचित उतरणाऱ्या. फक्त सॉकरमध्येच हे झालं नाही. जवळजवळ प्रत्येक खेळात झालं, आणि तडजोड मंजूर होण्याआधीच अनेकांना ‘तुझं नाव पुढच्या वर्षी नसेल’ असं सांगून झालं होतं.

न्यायाधीश विल्कन यांनी एप्रिल २०२५ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली. मग दुरुस्ती झाली: यादीच्या मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली त्या खेळाडूंना विद्यापीठं मर्यादेबाहेर ठेवून परत घेऊ शकतात, आणि त्या खेळाडूंना ही सवलत दुसऱ्या विद्यापीठातही लागू राहते. परत घ्यायलाच हवं अशी सक्ती मात्र नाही. तरी कोट्यवधींच्या त्या खटल्यात एका न्यायाधीशांनी बाकावरच्या मुलामुलींसाठी गाडी थांबवली, याचं मला समाधान वाटतं.

ही सवलत त्या पिढीपुरती आहे. सई कॉलेजात जाईल तेव्हा तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत एकोणतिसावी जागा नसेल. ‘आधी वॉक-ऑन म्हणून शिरू, मग दोन वर्षांत स्वतःला सिद्ध करू’ हा रस्ता पूर्वी बऱ्यापैकी रुंद होता, आता तो अरुंद झाला आहे.

कमाई नाही, तर विद्यापीठ हा खर्च करतं कशाला?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. मुलींचं कॉलेज सॉकर जवळपास कुठेच स्वतःचा खर्च भागवत नाही. तिकिटं स्वस्त, दूरचित्रवाणीचे पैसे किरकोळ. प्रशिक्षकांचे पगार, विमानभाडं, हॉटेलं, वैद्यकीय खर्च आणि शिष्यवृत्त्या यांचा पैसा येतो तो अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलच्या कमाईतून, देणगीदारांकडून, विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि अनेक ठिकाणी सगळ्या विद्यार्थ्यांवर बसवलेल्या क्रीडाशुल्कातून.

उत्तराचा मोठा भाग १९७२ सालच्या एका कायद्यात आहे. त्याला टायटल नाइन म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. मूळ कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं, आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण १९७९ मध्ये सरकारनं त्याचा खेळांसाठी अर्थ लावून दिला. विद्यापीठ कायदा पाळतं की नाही ते दाखवायचे तीन मार्ग ठरले. त्यातला सर्वांत पक्का मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांत मुलींचं जे प्रमाण, साधारण तेच खेळाडूंत असणं.

आता गणित करा. एका विद्यापीठात ५५ टक्के मुली आहेत आणि खेळाडू ६००. म्हणजे ३३० मुली खेळाडू हव्यात, मुलं २७०. त्या २७० मधले शंभरच्या वर एकटा अमेरिकन फुटबॉलचा संघ खातो. मुलींकडे एवढ्या आकाराचा एकही संघ नाही. मग पंचवीस-तीस मुली सामावून घेणारा, मैदान आणि चेंडू यांपलीकडे फार सामान न लागणारा सॉकर विद्यापीठांना सोयीचा वाटला. पहिल्या श्रेणीत मुलांचे सॉकर संघ दोनशेच्या आसपास आहेत, तर मुलींचे तीनशेच्या बरेच वर. त्या लांबट चेंडूशी नशीब बांधलेलं आहे म्हटलं ते यासाठी: पैसाही तिथून, आणि त्याचा तोल राखण्यासाठी हा संघ.

यादी फुगवण्याचे प्रकारही यातूनच निघाले. कनेटिकटमधल्या क्विनिपिॲक विद्यापीठानं २००९ मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचा ठरवला आणि खेळाडू न्यायालयात गेल्या. सुनावणीत पुढे आलं की विद्यापीठ धावपटू मुलींना तीन वेगवेगळ्या संघांत मोजून आकडा वाढवत होतं, आणि चीअरलीडिंगलाही खेळ धरत होतं. २०१० मध्ये न्यायालयानं ते मान्य केलं नाही. कागदावर नाव घातलं म्हणजे मुलीला खेळायची खरी संधी मिळाली असं होत नाही, हा मुद्दा तिथे ठसला.

दुसरं उत्तर हिशेबाचं आहे. शिष्यवृत्तीचा पैसा जातो कुठे? क्रीडा विभागाकडून त्याच विद्यापीठाच्या फी खात्यात. डाव्या खिशातून उजव्या खिशात. ज्या वर्गात शंभर मुलं बसलीच आहेत तिथे आणखी एक मुलगी बसली तर प्राध्यापकाचा पगार वाढत नाही. आणि अर्धीच शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी उरलेली अर्धी फी भरतेच. छोट्या खासगी कॉलेजांना तर मोठा सॉकर संघ म्हणजे पंचवीस-तीस फी भरणाऱ्या विद्यार्थिनींची खात्री असते. तिसऱ्या श्रेणीत अनेक ठिकाणी यादी लांबलचक दिसते, त्यामागे हे कारणही असतं. म्हणून ‘सॉकर संघ तोट्यात’ हे वाक्य वाचताना तोटा कोणत्या खिशात मोजला ते विचारायला हवं.

आणि तिसरं उत्तर मैदानावरचं. अमेरिकेच्या महिला संघानं १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ मध्ये विश्वचषक जिंकला. त्या खेळाडूंची शाळा कॉलेजचं मैदानच होती. त्यांच्यातली मिया हॅम ज्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात घडली, त्यानं २०२४ मध्ये वेक फॉरेस्टला १-० हरवून एनसीएएचं बाविसावं विजेतेपद मिळवलं. इतर देशांत हे काम क्लब करतात. अमेरिकेत कॉलेजांनी केलं, आणि ते टायटल नाइननं घडवून आणलं.

दोन कोटींतले सॉकरच्या मुलींना किती?

फार थोडे. बहुतेक ठिकाणी काहीच नाही.

मागच्या भरपाईत अमेरिकन फुटबॉलला सुमारे ७५ टक्के, मुलांच्या बास्केटबॉलला १५, मुलींच्या बास्केटबॉलला ५, आणि बाकी सगळ्या खेळांना मिळून ५ टक्के असा ढोबळ हिशेब धरला गेला. पुढच्या वाटणीतही अनेक विद्यापीठांनी साधारण तोच साचा समोर ठेवला. सॉकर, पोहणं, टेनिस, धावणं, मुलं आणि मुली, सगळे त्या शेवटच्या पाचात.

मग टायटल नाइनचं काय? जानेवारी २०२५ मध्ये बायडन सरकारच्या शिक्षण खात्यानं सांगितलं की हे पैसेही त्या कायद्याखाली येतात. फेब्रुवारीत ट्रम्प सरकारनं ते मार्गदर्शन मागे घेतलं. जूनमध्ये तडजोड मंजूर झाल्यावर काही दिवसांतच सॉकर, व्हॉलीबॉल आणि ॲथलेटिक्समधल्या आठ महिला खेळाडूंनी भरपाईच्या वाटणीविरुद्ध अपील केलं. ज्यानं जास्त कमावलं त्यानं जास्त न्यावं, हा युक्तिवाद मला कळतो. पण पन्नास वर्षं ज्या खेळांना दाखवायला वेळ आणि जाहिरातीला पैसा दिला गेला, त्यांची कमाई वाढली, आणि आता ती कमाईच वाटणीचं माप ठरते आहे. हे माप मला न्याय्य वाटत नाही.

धोका आणखी एक आहे. दोन कोटी डॉलर नव्यानं वाटायचे तर ते कुठून तरी काढावे लागतील. छोट्या खेळांच्या प्रवासाला, आहाराला, सहायक प्रशिक्षकांना कात्री लागू शकते. संघ बंद झाला नाही तरी तो हळूहळू वाळत जातो.

आणि अभ्यास?

‘खेळाडू मुली शिकत नाहीत, त्यांना पास करून टाकतात,’ हा समज आपल्याकडून तिकडे गेलेल्या घरांत खोल आहे. आपल्याकडचा ‘खेळाचे वाढीव गुण’ हा अनुभव डोक्यात असतो. अमेरिकेत काही विद्यापीठांत बनावट विषयांचे गैरप्रकार उघड झालेले आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण एकूण व्यवस्था बरीच काटेकोर आहे.

पहिल्या श्रेणीत खेळायचं तर पदवीच्या वाटेवर ठरलेला वेग राखावा लागतो: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यास पूर्ण, चौथ्याच्या सुरुवातीला ६०, पाचव्याच्या सुरुवातीला ८०. मागे पडलं की मैदान बंद. हंगामात सराव आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागते.

संघाचीही परीक्षा असते. तिला एपीआर म्हणतात, पूर्ण गुण १०००. खेळासाठी मदत घेणाऱ्या प्रत्येक खेळाडूला दर सत्रात दोन गुण: एक अभ्यासात पात्र राहिल्याबद्दल, एक विद्यापीठ न सोडल्याबद्दल. अशा अठ्ठावीस मुली, दोन सत्रं, म्हणजे वर्षाला ११२ गुण. चार गुण गेले तर संघाचा आकडा येतो ९६४. आठ गेले तर ९२९. आणि एनसीएएच्या अंतिम स्पर्धेत खेळायला चार वर्षांची सरासरी ९३० लागते. चार मुलींनी एखाद्या वर्षी अभ्यास सोडला आणि कॉलेजही सोडलं, की त्या वर्षाचा आकडा रेषेखाली. म्हणून प्रशिक्षकाला सईच्या रसायनशास्त्राच्या पेपरची काळजी मनापासून असते.

पहिल्या श्रेणीतल्या सगळ्या खेळांत मिळून पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण एनसीएएच्या मोजणीनं ९१ टक्क्यांच्या आसपास आहे. ही मोजणी थोडी उदार आहे हे लक्षात ठेवा. चांगल्या स्थितीत दुसरीकडे गेलेल्या खेळाडूला ती नापास धरत नाही, सरकारी मोजणी धरते. तरी मुलींचे संघ यात सातत्यानं पुढे असतात.

माझी खरी काळजी विमानाची आहे. २०२४ पासून कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ ‘अटलांटिक किनारा’ असं नाव असलेल्या गटात खेळतं, आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए न्यू जर्सीच्या रटगर्सच्या गटात. ही जुळवाजुळव झाली ती अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी करारांसाठी. सॉकरच्या मुलींना त्यामुळे आठवड्याच्या मध्यात तीन तासांचा काळफरक ओलांडून, जवळपास चार हजार किलोमीटर उडून खेळावं लागतं. प्रवासाचे तास त्या २० तासांत मोजत नाहीत. प्रयोगशाळेचा तास बुडतो तो बुडतोच.

हे प्रवेशाचं मागचं दार आहे का?

काही जणांनी तसं करून पाहिलं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत प्रवेश घोटाळा उघड झाला, त्यात येल विद्यापीठाच्या मुलींच्या सॉकर संघाचा माजी प्रशिक्षक होता. सॉकरशी संबंध नसलेल्या मुलीचं नाव खेळाडू म्हणून पुढे केल्याबद्दल त्यानं चार लाख डॉलर घेतले होते. त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली.

यातून कळतं ते एवढंच की यादीतल्या एका नावाला बाजारात केवढी किंमत आहे. प्रामाणिक मार्गानंही खेळाडूला प्रवेशात मदत होते. प्रशिक्षकाचा शब्द लागतो. मात्र विद्यापीठाची किमान शैक्षणिक पातळी गाठावी लागते, आणि आता अठ्ठावीसच जागा असताना प्रशिक्षक एकही जागा उपकार म्हणून देणार नाही.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून जायचं असेल तर

२०२२ मध्ये महिलांच्या सॉकरच्या आशिया चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले, त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने गोव्यात आणि नवी मुंबईत. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघानं थायलंडला २-१ हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. आता इथल्या मुलीही अमेरिकी कॉलेजांची चौकशी करतात, आणि करायला हवी.

पण दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, नववीपासूनच्या शाळेतले ठरलेले १६ विषय आणि किमान सरासरी तपासून एनसीएए पात्रता देते, त्यामुळे खेळासाठी दहावी-बारावी बाजूला ठेवणं अंगाशी येतं. दुसरी, विद्यार्थी व्हिसावर नोकरीवर कडक बंधनं आहेत. संघातली अमेरिकी मैत्रीण बुटांची जाहिरात करून पैसे घेईल, तेच केल्यानं आपल्या मुलीचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये.

व्यावसायिक खेळाचं गणितही घरात मोकळेपणानं मांडावं. अमेरिकेच्या महिला लीगमध्ये २०२५ मध्ये १४ संघ होते आणि किमान वार्षिक पगार ४८,५०० डॉलर. पहिल्या श्रेणीत तीनशेवर कॉलेज संघ. बहुसंख्य मुलींचं सॉकर पदवीदानाच्या आसपास संपतं, हातात राहते ती पदवी.

यादी कशी वाचायची

प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संघाची यादी उघडी असते. सईच्या आईबाबांनी ती पंचांग पाहावं तशी निवांत बसून पाहावी. प्रत्येक नावापुढे कितवं वर्ष आणि कोणती जागा ते लिहिलेलं असतं. मधल्या फळीतल्या चौघी शेवटच्या वर्षाला असतील, तर सई जाईल तेव्हा तिथे जागा होतील. चौघी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतील, तर प्रशिक्षक कितीही गोड बोलला तरी बाक ठरलेला आहे.

मग ‘आधीचं कॉलेज’ हा रकाना बघा. सात-आठ जणी दुसऱ्या विद्यापीठांतून आलेल्या दिसल्या, तर हा प्रशिक्षक शाळकरी मुली घडवण्यापेक्षा तयार खेळाडू आणतो, हे समजून घ्या. खेळाडूंचे विषय दिलेले असतील तर तेही वाचा. सईला अभियांत्रिकी करायची असेल आणि अठ्ठावीस मुलींत एकही अभियांत्रिकीची नसेल, तर कारण विचारा. दुपारच्या प्रयोगशाळा आणि दुपारचा सराव एकाच वेळी येत असतील.

दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून प्रशिक्षक थेट बोलू शकतात. त्या पहिल्या फोनमध्ये रक्कम विचारायला संकोच वाटतो, आपल्या माणसांना तर जास्तच. तरी विचारावं: पूर्ण की किती भाग, किती वर्षांसाठी लेखी, आणि पायाला दुखापत होऊन हंगाम गेला तर पुढच्या वर्षी हाच आकडा राहील का?